मालक पळाला, तरी गिरणी थांबली नाही



आज आपण जरा लांबच्या मुलखात जाऊ. युरोपात स्पेन नावाचा देश आहे आणि त्या देशात समुद्रकाठी बार्सिलोना नावाचं मोठं शहर आहे. आपल्या जुन्या मुंबईसारखंच बंदराचं आणि कापडगिरण्यांचं शहर. १९३६ सालच्या जुलै महिन्यात स्पेनमधल्या लष्करी अधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. बार्सिलोनातल्या कामगारांनी आणि सरकारशी इमान राखलेल्या पोलिसांनी मिळून ते बंड दोन दिवसांत मोडून काढलं. रस्त्यावरचा धूर निवळल्यावर असं लक्षात आलं, की शहरातले बरेचसे गिरणीमालक आणि मोठे साहेब जागेवर नाहीत. काही परदेशी पळाले होते, काही लपून बसले होते, काही मारलेही गेले होते.

आता तुम्हीच सांगा, मालक नाही म्हटल्यावर गिरणीचं काय होणार? आपण म्हणू, गेटला कुलूप लागणार आणि कामगार गावी जाणार. बार्सिलोनात तसं झालं नाही. लढाई संपल्यावर थोड्याच दिवसांत ट्राम रस्त्यावर धावू लागल्या. वीज, पाणी, गॅस चालू राहिला. गिरण्यांचे भोंगे वाजले. आत माणसं तीच होती, फक्त वरचा साहेब नव्हता. कामगारांनी सभा घेतल्या, आपल्यातून समित्या निवडल्या आणि काम चालू केलं.

हे एका रात्रीत सुचलं नव्हतं. त्यामागे तीसेक वर्षांची तयारी होती. त्या तयारीचं नाव आहे सिंडिकॅलिझम. शब्द अवघड आहे, पण घाबरू नका. तुमच्यापैकी अनेकींनी तालुक्याच्या गावी सिंडिकेट बँकेची पाटी पाहिली असेल, पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. तर सिंडिकेट म्हणजे एकत्र आलेल्यांचा संघ. फ्रेंच भाषेत 'सिंडिका' आणि स्पॅनिशमध्ये 'सिंदिकातो' म्हणजे कामगारांची युनियन. म्हणून सिंडिकॅलिझमला आपण मराठीत 'संघवाद' म्हणू.

हा विचार काय सांगतो?

नेहमीची युनियन काय करते? मालकाकडे पगारवाढ मागते, बोनस मागते, रजा मागते. मिळालं तर काम सुरू, नाही मिळालं तर संप. संघवादी कामगार म्हणायचे की हे तर करायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. युनियनचं काम दुहेरी आहे. आज ती कामगाराची ढाल आहे. उद्या मालकशाही गेली, की कारखाना चालवायचा कुणी, माल किती काढायचा, वाटायचा कसा, हे तीच युनियन ठरवेल. म्हणून रोजच्या भांडणातच उद्याचा कारभार शिकून घ्यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे राजकीय पक्षांवर विसंबायचं नाही. पुढारी निवडून येईल आणि आपलं भलं करील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. जे करायचं ते आपण स्वतः, कामाच्या जागी करायचं. संप, बहिष्कार, एकमेकांना पाठिंबा, ही त्यांची हत्यारं. आणि सर्वांत मोठं हत्यार म्हणजे सार्वत्रिक संप. सगळ्या धंद्यांतल्या कामगारांनी एकाच वेळी हात थांबवले, तर देश कुणाच्या जिवावर चालतो ते आपोआप दिसेल.

तिसरी गोष्ट आपल्याला लवकर कळेल. संघटनेची बांधणी खालून वर. कारखान्यातली सभा, मग शहरातल्या त्या धंद्याची युनियन, मग जिल्ह्याचा आणि प्रांताचा संघ, मग देशाचा महासंघ. आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी जी उतरंड आहे, तिच्याशी हे मिळतंजुळतं वाटतं. फरक एवढाच, की आपल्याकडे योजना बहुतेक वेळा वरून खाली येते आणि आपण त्या रकान्यात बसतो. त्यांच्याकडे नियम असा होता, की खालच्या सभेनं जे ठरवलं तेच वर जाऊन मांडायचं. वर गेलेल्या प्रतिनिधीनं स्वतःच्या मनाचं काही ठरवायचं नाही.

ही चळवळ फ्रान्समध्ये आधी जोमात आली. तिथला कामगार महासंघ १८९५ साली स्थापन झाला. १९०६ साली आमिएन्स गावच्या अधिवेशनात त्यांनी ठराव करून सांगितलं, की युनियन कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधली जाणार नाही. अमेरिकेत १९०५ साली शिकागो शहरात सगळ्या धंद्यांच्या, सगळ्या वर्णांच्या कामगारांची एकच मोठी युनियन काढायचा घाट घातला गेला. त्या स्थापनेच्या सभेत ल्युसी पार्सन्स नावाची बाई बोलायला उभी राहिली होती. आणि १९१० साली बार्सिलोनात स्पेनच्या कामगारांचा राष्ट्रीय महासंघ जन्माला आला. त्याच्या नावाची तीन अक्षरं सेएनते. आपली गोष्ट त्याच महासंघाची आहे.

गिरणीतल्या बाया, रांगेतल्या बाया

बार्सिलोनाच्या कापडगिरण्यांत बायांची आणि पोरींची संख्या फार मोठी होती. मजुरी पुरुषांच्या जवळपास निम्मी. पहाटे गिरणी, रात्री घर. १९१३ सालच्या उन्हाळ्यात या बायांनी संप केला. 'ला कोन्स्तांसिया' म्हणजे 'चिकाटी' असं त्यांच्या युनियनचं नाव होतं. मागणी कामाचे तास कमी करण्याची होती. हजारो बाया बाहेर पडल्या आणि सरकारला आदेश काढावा लागला, की कापडधंद्यात आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. ६० तास म्हणजे आठवड्यातले सहा दिवस रोज दहा तास. तेव्हा ही कमाईच होती! तीही अनेक मालकांनी पाळली नाही. कागदावरचा आदेश आणि हातात पडणारा हक्क यांत किती अंतर असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. स्पेन युद्धात नव्हता, पण स्पेनच्या व्यापाऱ्यांनी लढणाऱ्या देशांना माल विकून बक्कळ पैसा केला. माल बाहेर गेला, त्यामुळे देशात महागाई भडकली. पाव, तेल, मासे, बटाटे, सगळंच महाग. १९१८ सालचा जानेवारी, कडाक्याची थंडी आणि चुलीला कोळसा नाही. तेव्हा बार्सिलोनाच्या बाया रस्त्यावर आल्या. त्यांनी कोळशाच्या वखारींवर मोर्चे नेले, गिरण्यांच्या दारात जाऊन आतल्या बायांना बाहेर बोलावलं, आणि युद्धाच्या आधीच्या भावानं माल द्या अशी मागणी गव्हर्नरकडे केली. या मोर्चांत त्यांनी पुरुषांना येऊ दिलं नाही. हे बायांचं काम आहे, तुम्ही बाजूला राहा, असं सांगितलं. पोलिसांनी बळ वापरलं, पण मोर्चे थांबेनात. शेवटी शहर लष्कराच्या ताब्यात द्यावं लागलं.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगते. या बायांमध्ये अनेक जणी गिरणीत कामाला होत्या आणि अनेक जणी फक्त घर चालवणाऱ्या होत्या. युनियनच्या वहीत घर चालवणाऱ्या बाईचं नाव नव्हतं, कारण युनियन कारखान्यातल्या कामगाराची. पण महागाईचा चटका सगळ्यांत आधी चुलीपाशी बसतो. संघवादाच्या विचारातली ही मोठी फट होती. ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा तिच्यापाशी येऊ.

आठ माणसं आणि आठ तास

१९१८ सालच्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या युनियननी एक मोठा निर्णय घेतला. तोपर्यंत विणकराची युनियन वेगळी, रंगाऱ्याची वेगळी, हमालाची वेगळी असायची. मालक एकाला बोनस देऊन दुसऱ्याला पाडायचा. त्यांनी ठरवलं, एका उद्योगातले सगळे कामगार एकाच युनियनमध्ये. या नव्या बांधणीची परीक्षा काही महिन्यांतच झाली.

शहराला वीज पुरवणारी एक कंपनी होती. तिचं भांडवल परदेशी, म्हणून लोक तिला 'कॅनडावाली' म्हणत. १९१९ सालच्या फेब्रुवारीत पगारकपातीवरून या कंपनीत तंटा झाला आणि आठ कारकुनांना कामावरून काढलं. बाकीच्या कारकुनांनी लेखण्या खाली ठेवल्या. मग मीटर वाचणारे थांबले, मग वीजघरातले कामगार थांबले. शहर अंधारात गेलं. ट्राम थांबल्या, गिरण्या थांबल्या. सरकारनं कामगारांना लष्करी हुकमाखाली कामावर बोलावलं, तरी ते गेले नाहीत. सुमारे ३,००० लोकांना तुरुंगात टाकलं. छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगारही वस्ताद! त्यांनी सांगितलं, संपाच्या विरोधातला मजकूर आम्ही छापणार नाही. लष्कराचा हुकूमसुद्धा वर्तमानपत्रात येईना.

संप ४४ दिवस चालला. कंपनीनं नमतं घेतलं. काढलेल्यांना परत घेतलं, पगार वाढवले. मग तडजोड स्वीकारायची की नाही यावर बैलांच्या झुंजीच्या मैदानात प्रचंड सभा भरली. लोक चिडलेले होते, कारण अजून साथीदार तुरुंगात होते. साल्वादोर सेगी नावाचा रंगकाम करणारा पुढारी उभा राहिला आणि त्यानं हजारो लोकांना समजावलं, की आज कामावर जाऊ, ताकद राखून ठेवू. लोकांनी ऐकलं. पण सगळे कैदी सुटले नाहीत, म्हणून पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि ३ एप्रिल १९१९ रोजी सरकारनं आठ तासांच्या दिवसाचा आदेश काढला. सगळ्या धंद्यांना आठ तास लागू करणाऱ्या पहिल्या काही देशांत स्पेनचं नाव आलं. सहा वर्षांपूर्वी दहा तासांसाठी बाया रस्त्यावर आल्या होत्या, हे आठवा.

या विजयाची किंमतही मोजावी लागली. पुढची चार वर्षं बार्सिलोनाच्या रस्त्यांवर बंदुका चालल्या. मालकांनी भाडोत्री मारेकरी ठेवले, कामगारांमधल्या काही गटांनीही पिस्तुलं उचलली. समजुतीनं बोलणारा सेगी १९२३ सालच्या मार्चमध्ये भर रस्त्यात मारला गेला. त्याच वर्षी हुकूमशाही आली आणि युनियनला भूमिगत व्हावं लागलं. १९३१ साली राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि संघटना पुन्हा उघड झाली. एवढ्या मोठ्या महासंघात पगारी पदाधिकारी जवळजवळ नव्हतेच. दिवसभर कामावर आणि संध्याकाळी युनियनच्या खोलीत, असा कारभार. म्हणून तर मालक गेल्यावर कामगारांना समिती कशी निवडायची हे नव्यानं शिकावं लागलं नाही.

कारखाना हातात आला, पुढे काय?

आता १९३६ कडे परत येऊ. बार्सिलोनात ट्राम, वीज, गिरण्या, लोखंडाचे कारखाने, सिनेमाघरं, इतकंच काय, न्हाव्यांची दुकानंसुद्धा कामगारांनी ताब्यात घेतली. ट्रामना लाल-काळा रंग दिला, कारण तो त्यांच्या युनियनचा रंग. मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात लढाईसाठी चिलखती गाड्या बनू लागल्या. लहान लहान अंधाऱ्या दुकानांतले न्हावी एकत्र आले आणि मोठ्या, स्वच्छ दुकानांत काम करू लागले.

२४ ऑक्टोबर १९३६ रोजी तिथल्या प्रांतिक सरकारनं यासाठी कायदेशीर आदेश काढला. १०० पेक्षा जास्त कामगार असलेले कारखाने सामूहिक मालकीचे. ज्यांचे मालक बंडखोरांना सामील होते किंवा पळून गेले होते, तेही सामूहिक. ५० ते १०० कामगार असतील, तर तीन चतुर्थांश कामगारांची संमती हवी. त्याहून लहान दुकानं मालकाकडेच, पण कामगार समितीची देखरेख. कारखान्याची सर्वसाधारण सभा ५ ते १५ जणांचं मंडळ निवडणार आणि ते मंडळ सभेला जबाबदार राहणार. मोठ्या कारखान्यांत सरकारचाही एक माणूस बसणार.

ऐकायला छान वाटतं ना? पण अडचणी लगेच उभ्या राहिल्या. कापूस बाहेरून येत असे, तो मिळेना. कोळशाची टंचाई झाली. अर्धा देश बंडखोरांच्या हातात गेल्यामुळे कापड विकायची बाजारपेठही गेली. बँकेचं कर्ज सरकारच्या हातात, आणि सरकारला कामगारांच्या हातात इतकी सत्ता नको होती.

आणि सगळ्यांत नाजूक अडचण आतली होती. ज्या कारखान्याकडे चांगली यंत्रं आणि भरपूर काम होतं, तिथले कामगार सुखात. ज्याच्याकडे जुनाट यंत्रं, तिथले उपाशी. मालक एकच होता तो गेला आणि त्याच्या जागी पन्नास-शंभर जणांचा एक नवा मालक आला, असं काही ठिकाणी झालं. युनियनमधलेच जाणते लोक यावर टीका करू लागले. आम्ही कारखाना सगळ्या समाजासाठी घेतला, स्वतःच्या खिशासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नफ्याचा एक भाग सामाईक निधीत टाकून कमकुवत कारखान्यांना आधार द्यायची योजना आखली गेली. काही धंद्यांत, जसं ट्राममध्ये, हे चांगलं जमलं. काही ठिकाणी जमलं नाही.

गटात काम करणाऱ्या आपल्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. एका गटाला पापडाची मोठी ऑर्डर मिळते, शेजारच्या गटाला काहीच नाही. पहिला गट म्हणतो, आमच्या कष्टाचं आम्ही खाऊ. चूक कुणाची? कुणाचीच नाही. पण ग्रामसंघ कशासाठी आहे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

खेड्यातली सामूहिक शेती

बार्सिलोनाच्या पश्चिमेला आरागोन नावाचा कोरडवाहू प्रांत आहे. तिथल्या शेकडो गावांत जमीन, बैल, अवजारं, धान्य एकत्र करून सामूहिक शेती सुरू झाली. काही गावांनी पैसाच बंद केला आणि कुपनं काढली. गावात शाळा काढल्या, म्हाताऱ्यांना भत्ता दिला. ज्याला सामील व्हायचं नसेल त्यानं स्वतःच्या हातानं कसता येईल एवढी जमीन ठेवावी, मजूर लावू नये, असा सर्वसाधारण नियम होता.

लोक मनापासून आले का? भूमिहीन मजूर तर आनंदानं आले. पण आरागोन ही युद्धाची आघाडी होती. बंदुका घेतलेले कामगार-सैनिक गावात बसलेले असताना लहान शेतकऱ्यानं किती मोकळेपणानं 'नाही' म्हटलं असेल? काही गावांत लोकांनी स्वखुशीनं केलं, काही गावांत भीतीनं. दोन्ही खरं आहे. जी संस्था 'नाही' म्हणायची मोकळीक देत नाही, तिच्यातल्या 'हो'ला काही वजन राहत नाही, असं मला वाटतं.

आणि आता ती मघाची फट. अनेक गावांत मजुरी कुटुंबाच्या नावानं ठरवली गेली आणि ती कुटुंबप्रमुख पुरुषाच्या हातात दिली गेली. कित्येक ठिकाणी बाईच्या कामाचा दर पुरुषापेक्षा कमी लावला. शहरातल्या अनेक गिरण्यांतही हा फरक राहिला. म्हणजे मालक गेला, पण घरातली आणि रोजातली जुनी मोजपट्टी तशीच राहिली.

'मुक्त स्त्रिया'

ही फट तीन बायांनी आधीच ओळखली होती. लुसिया सांचेस साओर्निल, टेलिफोन कंपनीत नोकरी केलेली कवयित्री. मेर्सेदेस कोमापोसादा, शिकवणारी. आणि आम्पारो पोच ई गास्कोन, डॉक्टर. तिघी संघवादी चळवळीतल्याच. पण युनियनच्या सभेत बाई बोलायला उठली की पुरुष हसायचे, टिंगल करायचे. बाहेर समतेची भाषा आणि घरी बायकोला सभेला जाऊ द्यायचं नाही. हे तिथल्या बायांनी पुढे स्वतः सांगून ठेवलं आहे.

या तिघींनी १९३६ सालच्या एप्रिलमध्ये, म्हणजे युद्धाच्या तीन महिने आधी, 'मुखेरेस लिब्रेस' ही संघटना उभी केली. अर्थ 'मुक्त स्त्रिया'. त्याच नावाचं मासिकही काढलं. बाईची गुलामी तिहेरी आहे, असं त्या म्हणत. अज्ञानाची गुलामी, बाई म्हणून गुलामी आणि मजूर म्हणून गुलामी. क्रांती झाली की सगळं आपोआप सुटेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांची कामाची पद्धत ऐका, आपल्याला घरचीच वाटेल. आधी लिहिणं-वाचणं. मग हिशोब, शिवण, नर्सिंग, बालसंगोपन, यंत्रकाम, शेतीतलं तंत्र. युनियनशी बोलून त्यांनी बायांना धंद्यांचं शिक्षण मिळवून दिलं, ट्राम चालवायलासुद्धा बाया शिकल्या. आणि एक युक्ती फार मोलाची होती. युनियनच्या सभेला बाई का येत नाही? कारण घरी लेकरं. म्हणून बार्सिलोनात त्यांनी फिरतं पाळणाघर चालवलं. कार्यकर्ती बाईच्या घरी जाऊन मुलं सांभाळायची, तेवढ्यात ती बाई सभेला जाऊन यायची. घरी आल्यावर दोघी बसून सभेत काय झालं त्यावर बोलायच्या. पाळणाघराचं पाळणाघर आणि शिकवणीची शिकवणी!

१९३७ सालच्या ऑगस्टमध्ये वालेन्सिया शहरात त्यांची राष्ट्रीय परिषद झाली. सदस्यसंख्या २०,००० च्या पुढे गेली, त्यांत बहुतेक कामगार बाया. मग त्यांनी चळवळीकडे मागणी केली, की युनियन, विचारगट आणि युवक संघटना यांच्या बरोबरीनं आम्हालाही चौथी स्वतंत्र संघटना म्हणून मान्यता द्या. १९३८ सालच्या ऑक्टोबरमध्ये ही मागणी नाकारली गेली. बायांची वेगळी संघटना चळवळीत फूट पाडेल, असं कारण दिलं. ज्यांनी मालकाच्या, सरकारच्या आणि पक्षांच्या तोंडावर 'आमचं आम्ही ठरवू' म्हटलं, त्यांना आपल्याच बायांचं 'आमचं आम्ही ठरवू' पचलं नाही.

शेवट कसा झाला?

युद्ध चालू असताना आतली भांडणं वाढली. युद्ध आधी जिंकू, क्रांती मागून, असं म्हणणारे पक्ष एकीकडे. क्रांती सोडली तर लोक लढतील कशासाठी, असं म्हणणारे दुसरीकडे. संघवाद्यांचे चार जण १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारात मंत्रीही झाले. त्यांतल्या फेदेरिका मोन्त्सेनी आरोग्यमंत्री झाल्या, स्पेनच्या पहिल्या स्त्री मंत्री. सरकारच नको म्हणणाऱ्यांनी सरकारात बसावं का, यावर चळवळीत रणं माजली.

३ मे १९३७ रोजी पोलिसांनी बार्सिलोनाच्या टेलिफोन कचेरीवर चाल केली. ती कचेरी कामगार समिती चालवत होती. चार-पाच दिवस शहरात एकाच बाजूची माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. शेकडो माणसं गेली. ऑगस्टमध्ये सरकारी फौजेनं आरागोनमधल्या सामूहिक शेतीवर घाला घातला, पुढाऱ्यांना पकडलं, जमिनी परत वाटल्या. पुढे अनेक कारखाने सरकारनं आपल्या ताब्यात घेतले. आणि २६ जानेवारी १९३९ रोजी जनरल फ्रँकोचं सैन्य बार्सिलोनात शिरलं. लाखो लोक डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेले, त्यांत 'मुक्त स्त्रिया'ही होत्या. फ्रँकोची हुकूमशाही १९७५ सालापर्यंत टिकली.

या सगळ्याशी आपल्या देशाचा एक धागा आहे. मद्रासकडचे क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य अनेक वर्षं युरोपात होते. १९२२ साली बर्लिन शहरात जगभरच्या संघवादी युनियनची एकत्र संघटना स्थापन झाली, तेव्हा ते तिथे हजर होते. १९३५ साली ते मुंबईला आले आणि १९५४ साली मुंबईतच गरिबीत वारले. शेवटपर्यंत त्यांनी याच विचाराचं लिखाण केलं. जवाहरलाल नेहरूंनीही १९३८ साली बॉम्बहल्ले सोसणारं बार्सिलोना डोळ्यांनी पाहिलं. आणि कामगारांनी कारखाना चालवायला घेतल्याचं उदाहरण महाराष्ट्रातही आहे. कुर्ल्याचा बंद पडलेला कमानी ट्यूब्ज हा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेनं चालवावा, या योजनेला १९८८ साली सुप्रीम कोर्टानं मान्यता दिली. ती वाट कायद्याची होती, संघवादाची नव्हती. पण प्रश्न तोच, की ज्यांचे हात यंत्रावर, त्यांचं डोकं हिशोबात का नको?

मैत्रिणींनो, हरलेल्या लोकांची गोष्ट कशाला सांगायची, असं कुणी विचारेल. मी सहयोगिनी म्हणून गावोगाव बैठका घेते. तिथे मला एक गोष्ट सारखी दिसते. गट दहा बायांचा असतो आणि वही एकीच्याच हातात असते. बाकीच्या अंगठा नाहीतर सही करतात. बार्सिलोनात मालक पळाल्यावर कारखाना चालला, कारण हिशोब, सभा आणि ठराव हे एका माणसाचं गुपित नव्हतं. आणि तिथे बायांचं कमी पडलं, कारण पाळणाघर आणि घरकाम हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असं त्यांच्या भावांनी मानलं नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. पहिला, आपल्या गटाची वही आज किती जणींना वाचून सांगता येईल? दुसरा, जी बाई 'नाही' म्हणते तिचं म्हणणं ठरावपुस्तकात लिहिलं जातं का? आणि तिसरा, जी बाई लेकरांमुळे बैठकीला येत नाही, तिच्या घरी आपल्यातली कोण जाणार?

उत्तरं आम्हाला कळवा. पत्रानं कळवा, नाहीतर केंद्रावर येऊन सांगा. नमस्कार.